परदेशातली जागा शोधायची कोणी?

विद्यापीठात शिकत असतानाच काही महिने परदेशी कंपनीत, प्रयोगशाळेत किंवा संस्थेत उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, करण्याविषयी सध्या जी वादावादी चालते, ती दोन ठरलेल्या बाकांवरून चालते. पहिल्या बाकावरचे म्हणतात, जिद्द असेल तर जागा मिळतेच. सीव्ही नेटका करा, दोनशे ईमेल पाठवा, लिंक्डइनवर ओळखी काढा, नकार पचवायला शिका. दुसऱ्या बाकावरचे म्हणतात, हा सगळा पैसेवाल्यांच्या मुलांचा खेळ आहे, बाकीच्यांनी उगाच जीव काढू नये. दोघांकडेही उदाहरणं भरपूर आहेत, त्यामुळे वाद संपत नाही. पण नीट पाहिलं तर दोघांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली आहे: विद्यार्थ्यावर. एकाला त्याची चिकाटी दिसते, दुसऱ्याला त्याच्या वडिलांचा खिसा. ती जागा मुळात तयार होते कशी, याची चौकशी दोघेही करत नाहीत. माझं म्हणणं असं, की परदेशातली जागा मिळवणं हे एकट्या विद्यार्थ्यावर सोडण्याचं काम नाही, ते विद्यापीठाचं काम आहे. आणि विद्यापीठाला ते करायचं असेल तर सुरुवात परदेशातून नव्हे, स्वतःच्या शहरातल्या कंपन्यांपासून करावी लागते. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना जागा मिळवून द्यायची, तेव्हा आपल्यांना बाहेर जागा मिळतात. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

पहिल्या बाकाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम करायचं असेल तर कधी कधी एक पत्र पुरतं. तिथे निर्णय घेणारा माणूस एकच असतो, अनुदान त्याच्याच हातात असतं, आणि आपला शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल शहाणा प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यालाही रोज भेटत नसतो. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रमासारख्या विद्यावेतन देणाऱ्या योजनांतही अर्ज विद्यार्थ्यालाच लिहावा लागतो, आणि चांगला अर्ज वाईट अर्जाच्या पुढे जातो. तेव्हा पत्र लिहायला शिकूच नका असं कोण म्हणेल? पण अशा योजनांची पात्रता जरा वाचून बघा. जर्मनीच्या ‘डाड’ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या संस्थेची राइज ही उन्हाळी संशोधनाची योजना अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. कॅनडातल्या मायटॅक्स या संस्थेच्या ग्लोबलिंक योजनेत बारा आठवड्यांचं संशोधनाचं काम मिळतं, तेही ठरावीक भागीदार देशांतल्याच विद्यार्थ्यांना. म्हणजे पत्राची पहिली ओळ लिहिण्याआधी दोन संस्था किंवा दोन सरकारं एकमेकांशी काहीतरी बोललेली असतात. ज्यांच्यासाठी कोणी बोललेलंच नाही, त्यांच्या चिकाटीची परीक्षा तिथे घेतली जात नाही, त्यांना रांगेतच उभं राहू दिलं जात नाही.

कंपन्यांच्या बाबतीत तर कायदाच आडवा येतो. जर्मनीत १ जानेवारी २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आला. अभ्यासक्रमाने सक्तीची केलेली इंटर्नशिप त्यातून वगळली आहे. आपखुशीने केलेली इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंत वगळली आहे, त्याहून लांबली तर किमान वेतन द्यावं लागतं. म्हणूनच तिथल्या जाहिरातींत ‘फक्त सक्तीच्या इंटर्नशिपसाठी’ अशी अट वारंवार दिसते. फ्रान्समध्ये विद्यार्थी, त्याची शिक्षणसंस्था आणि कंपनी या तिघांच्या सहीचा करार असल्याखेरीज विद्यार्थी इंटर्न म्हणून रुजूच होऊ शकत नाही, आणि काम दोन महिन्यांच्या पुढे गेलं तर मोबदला द्यावाच लागतो. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाणीसाठीच्या व्हिसावर इंटर्न म्हणून जायचं तर परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली प्रायोजक संस्था लागते, शिवाय प्रशिक्षणाचा लेखी आराखडा लागतो, ज्यावर प्रायोजक, यजमान आणि इंटर्न अशा तिघांच्या सह्या असतात. आता जर्मनीतून एकामागून एक नकार येणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय सांगतो? सीव्ही आणखी चकचकीत कर. पण तो नकार सीव्हीमुळे आला, की विद्यापीठाने ‘ही इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे’ असा एक कागद दिला नाही म्हणून आला? हे त्याला कधीच कळत नाही. तो स्वतःलाच दोष देत बसतो, आणि ‘जिद्द असेल तर’ म्हणणारे त्याला त्यात मदत करतात.

एकट्याने जग पालथं घालून काम मिळवणारा तरुण, हे चित्र मोहक आहे खरं, पण इतिहासात ते फारसं सापडत नाही. जर्मन भाषक मुलखातली कारागिरांची भटकंती घ्या, जिला वाल्त्स म्हणतात. शिकाऊपण संपलेला सुतार किंवा गवंडी गाव सोडून बाहेर पडे आणि गावोगाव काम करत हिंडे. आजही मूठभर कारागीर ती प्रथा पाळतात: तीन वर्षं आणि एक दिवस, घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत पाऊल ठेवायचं नाही. वरवर पाहता यापेक्षा स्वावलंबी माणूस कोण? पण हा माणूस नव्या गावात पोचला की आपल्या व्यवसायाच्या संघाने ठरवलेल्या मुक्कामाच्या जागी उतरत असे. अनेक व्यवसायांत स्थानिक कारागीर त्याच्या वतीने मालकांकडे कामाची चौकशी करत, आणि काम नसेल तर त्याला वाटखर्ची देऊन पुढच्या गावी लावून देत. हे काही दानधर्म म्हणून होत नव्हतं. आपल्या गावची पोरंही त्याच वेळी दुसऱ्या गावी अशीच दार ठोठावत असणार, हे प्रत्येक गावाला ठाऊक होतं. त्या संघांचे उंबरठे उंच होते, बायकांना आणि अनौरस मुलांना त्यांनी सर्रास बाहेर ठेवलं, तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण भटकणाऱ्याच्या पाठीशी एक व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था येणाऱ्याला जागा देण्यावर उभी होती, एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या रेल्वे पुलाचं तत्त्व समजावण्यासाठी त्याचे अभियंते बेंजामिन बेकर यांनी १८८७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एक छायाचित्र दाखवलं. दोन माणसं हात पसरून खुर्च्यांवर बसली आहेत आणि त्यांच्या मधोमध तिसरा माणूस अधांतरी तोलला गेला आहे. तो तिसरा म्हणजे वातानाबे काइची, त्या पुलाच्या कामावर असलेला तरुण जपानी अभियंता. जगातल्या त्या वेळच्या सर्वांत धाडसी बांधकामावर एक जपानी तरुण पोचला कसा? टोकियोत १८७३ साली सुरू झालेल्या इंपीरियल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये तो शिकला होता. त्या कॉलेजची आखणी ग्लासगोहून बोलावलेल्या हेन्री डायर यांनी केली होती: सहा वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातली शेवटची दोन वर्षं प्रत्यक्ष कामाची. तिथून वातानाबे ग्लासगो विद्यापीठात गेला आणि पदवीनंतर पुलावर. वातानाबेची हुशारी कोणी नाकारत नाही. पण जपानने आधी परदेशी शिक्षकांना आपल्याकडे बोलावलं, त्यांना खरं काम आणि अधिकार दिले, आणि त्या ओळखीच्या वाटेने मग त्याची मुलं बाहेर गेली. क्रम हा होता.

आता दुसऱ्या बाकाकडे वळू, ‘पैसेवाल्यांचा खेळ’ म्हणणाऱ्यांकडे. त्यांचा राग खोटा नाही. २०१५ साली जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांमध्ये बिनपगारी इंटर्न असलेला बावीस वर्षांचा न्यूझीलंडचा तरुण तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर झाली. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, प्रवास, व्हिसा आणि राहण्याचा खर्च इंटर्नने सोसायचा असतो. जगातल्या विषमतेवर अहवाल लिहिणाऱ्या संस्थेत पाऊल ठेवायला जिनिव्हाचं किंवा न्यूयॉर्कचं घरभाडं परवडावं लागतं, यातली विसंगती सांगायला कोणी तज्ज्ञ नको. एवढ्यापुरते दुसऱ्या बाकावरचे बरोबर आहेत. पण त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, की परदेशी इंटर्नशिप ही चीजच श्रीमंतांची, तो चुकीचा आहे. बिनपगारीपणा हा काही निसर्गनियम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचं मुख्यालय त्याच जिनिव्हात आहे, आणि तिने २०२० पासून इंटर्नना विद्यावेतन द्यायला सुरुवात केली. २०१७ साली युरोपीय लोकपालांनी युरोपीय संघाच्या परराष्ट्र सेवेला बजावलं, की परदेशातल्या कार्यालयांतल्या बिनपगारी प्रशिक्षणार्थींना योग्य भत्ता द्या. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, १९४८ साली, एका संघटनेने सुरुवातीपासूनच वेगळी रीत घालून दिली होती.

ती संघटना म्हणजे आयएस्टे, तांत्रिक शाखांच्या विद्यार्थ्यांना परदेशात कामाचा अनुभव मिळवून देणारी. जानेवारी १९४८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात युरोपातल्या दहा देशांचे प्रतिनिधी बसले आणि तिची पायाभरणी झाली. आजवर तीन लाखांहून जास्त विद्यार्थी तिच्यामार्फत परदेशी काम करून आले आहेत. तिची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक देशातली शाखा आधी आपल्याच देशातल्या कंपन्यांकडून आणि प्रयोगशाळांकडून जागा गोळा करते. यजमानाने विद्यार्थ्याला तिथे राहण्या-जेवण्याचा खर्च भागेल एवढं तरी द्यायचं, ही अट असते. मग दरवर्षी जानेवारीत सगळ्या देशांचे प्रतिनिधी एकत्र येतात आणि जागांची अदलाबदल करतात, तुमची एक तर आमची एक. म्हणजे एखाद्या देशातून किती विद्यार्थी बाहेर जाणार, हे मुख्यतः त्या देशातल्या कंपन्या किती परदेशी विद्यार्थ्यांना घेतात यावर ठरतं. विद्यार्थ्याने सीव्हीत कोणता फाँट वापरला यावर नव्हे! या हिशेबाने पाहिलं की दोन्ही बाकांचा वाद केविलवाणा वाटू लागतो. जागा कमी असतील तर चिकाटीने फक्त एवढंच ठरतं की त्या कमी जागांवर कोण बसणार. आणि यजमान खर्च देत असेल तर खिशाचा प्रश्न निम्मा सुटलेलाच असतो. प्रवासखर्च उरतो, तो विद्यापीठाने किंवा शिष्यवृत्तीने उचलणं अशक्य नाही.

इथे सर्वांत जोरकस आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. आमच्याच मुलांना कामाचा अनुभव मिळत नाही, मग आमच्या कंपन्यांनी परक्यांना जागा का द्याव्यात? एकास एक अदलाबदलीत जागांची बेरीज बदलत नाही, एक जातो आणि एक येतो, हे उत्तर हिशेबाला ठीक आहे, पण पुरेसं नाही. कारण जो जातो आणि ज्याची जागा जाते ते दोघे एकच नसतात. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे, आजारपणामुळे किंवा नुसत्या भीतीमुळे जो कधीच परदेशी जाणार नाही, त्याच्या वाट्याची स्थानिक जागा पाहुण्याला गेली तर त्याचं नुकसान खरंच होतं. म्हणून माझी अट अशी, की अदलाबदलीसाठीच्या जागा नव्या असाव्यात. आजवर ज्यांनी कधी इंटर्न घेतलाच नाही अशा यजमानांकडून त्या उभ्या कराव्यात, आहे त्या जागांतून कापून काढू नयेत. हे अवघड आहे, अशक्य नाही. आणि टंचाईचं कारण सांगणाऱ्यांनी १९४८ चा ब्रिटन आठवावा. युद्धाने खंगलेला देश, जिथलं रेशनिंग १९५४ पर्यंत संपलं नव्हतं. त्या देशातल्या कॉलेजात बसून लोकांनी परदेशी विद्यार्थ्यांना कारखान्यांत जागा देण्याची योजना आखली. सुबत्ता आल्यावर बघू, असं ते म्हणाले असते तर त्यांना दोष देता आला नसता. तरी ते म्हणाले नाहीत.

घेण्याची बाजू तोडून फक्त पाठवण्याची बाजू ठेवली तर काय होतं, याचंही उदाहरण ताजं आहे. १९८७ साली सुरू झालेल्या युरोपच्या इरॅस्मस या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेत २००७ पासून कंपन्यांमधल्या प्रशिक्षणालाही पैसा मिळू लागला. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने ती योजना सोडली आणि २०२१ मध्ये ट्युरिंग योजना आणली. ट्युरिंगच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे: ती युरोपापुरती मर्यादित नाही, आणि हलाखीच्या घरांतल्या विद्यार्थ्यांना तिच्यात जादा मदत मिळते. पण तिचा पैसा फक्त बाहेर जाणाऱ्यांसाठी आहे. येणाऱ्यांसाठी दमडी नाही. समोरच्या विद्यापीठाने तुमचे विद्यार्थी घ्यावेत, त्यांच्यासाठी माणूस नेमावा, त्यांना काम लावून द्यावं, आणि त्याच्या विद्यार्थ्यांना मात्र तुमच्याकडून काहीच नाही, हे किती वर्षं चालेल? वेल्सच्या सरकारला हा प्रश्न पडला असावा, कारण त्यांनी ‘टाइथ’ नावाची स्वतःची योजना काढली आणि तिच्यात येणाऱ्यांसाठीही पैसा ठेवला. एकाच देशात शेजारी शेजारी दोन पद्धती सुरू झाल्या. माझं मत कोणत्या बाजूला आहे हे सांगायला नकोच.

विद्यापीठाने सोडलेली जागा रिकामी राहत नाही, तिथे एजंट येऊन बसतो. विद्यार्थ्याकडून शुल्क घेऊन परदेशी इंटर्नशिप ‘मिळवून देणाऱ्या’ कंपन्या सगळ्याच लबाड असतात असं नाही. व्हिसाचे कागद, विमा, राहण्याची सोय या बाबतीत त्यांना विद्यापीठाच्या कारकुनापेक्षा जास्त कळतं, हे कबूल करायला हवं. दोष त्यांच्या व्यवहाराच्या रचनेत आहे. खर्च जो करतो, तो मालाची पारख करतो. यजमान कंपनी पैसे देत असेल तर तिला त्या माणसाकडून खरंच काही करून हवं असतं, म्हणून ती त्याला शिकवते. पैसे विद्यार्थ्याने एजंटला दिले असतील आणि यजमानाला तो फुकट मिळाला असेल, तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. आणि गरजवंताला अक्कल नसते, तेव्हा मुलाखतीआधीच पैसे मागणाऱ्यालाही लोक पैसे देतात, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची अधिकृत प्रायोजकांची यादी उघडूनसुद्धा न बघता. या रचनेचं टोक २०११ च्या ऑगस्टमध्ये पेन्सिल्वेनियातल्या पाल्मायरा गावात दिसलं. हर्शीची चॉकलेटं जिथे पॅक होत त्या गोदामात परदेशी विद्यार्थ्यांनी काम थांबवून निदर्शनं केली. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या नावाखाली, सुट्टीत काम करण्याच्या जे-१ योजनेतून, हजारो डॉलर खर्चून ते आले होते आणि खोकी उचलत होते. पुढच्या वर्षी त्या योजनेचे नियम कडक झाले. ‘देवाणघेवाण’ हा शब्द स्वस्त मजुरीवर पांघरूण म्हणून घालता येतो, हा धडा माझ्या बाजूच्या लोकांनीही विसरू नये. म्हणून तर कामाचा आराखडा, मोबदला आणि तक्रार ऐकणारा माणूस या तिन्ही गोष्टी करारात हव्यात, आणि तो करार करणारा पक्ष विद्यार्थ्याच्या पैशांवर जगणारा नसावा.

पण विद्यापीठांना हे जमेल का? त्यांच्या कार्यालयाकडे असं काम दिलं तर त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही, असं म्हणणारे भेटतात, आणि त्यांचा अनुभव मी खोडून काढत नाही. तरी हे काम विद्यापीठांनी केलेलं आहे, आणि तेही फार पूर्वी. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली वर्ग आणि कारखाना आलटून पालटून असा अभ्यासक्रम सुरू केला. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ १९५७ पासून त्याच पायावर वाढलं. या दोन्ही ठिकाणी कामाचं सत्र हा वेळापत्रकाचाच भाग असतो, सुट्टीत उरकायचा उद्योग नसतो. बाकीची विद्यापीठं नेमकी इथे अडतात. सामंजस्य करारांवर सह्या करताना त्यांचे फोटो निघतात, पण चार महिने बाहेर असलेल्या विद्यार्थ्याची परीक्षा कधी घ्यायची, त्याच्या कामाला श्रेयांक किती द्यायचे, यावर विद्वत्सभेत चर्चासुद्धा होत नाही. परदेशी भागीदार शोधणं त्यामानाने सोपं. आपल्याच परीक्षा विभागाला पटवणं कठीण, पण त्याशिवाय बाकीचं सगळं कागदावरच राहतं.

घरबसल्या ऑनलाइन इंटर्नशिप करता येते, मग जायचं कशाला, असंही आता ऐकू येतं. कोड लिहिण्यापुरतं ते खरं आहे. बांधकामावर, रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा नुसतं दुपारच्या जेवणाच्या टेबलावर जे शिकायला मिळतं त्याला ते लागू नाही.

राहता राहिला विद्यार्थ्याच्या पुढाकाराचा मुद्दा, ज्याची पहिल्या बाकाला फार काळजी आहे. आयएस्टेच्या अनेक स्थानिक समित्या विद्यार्थीच चालवतात. तेच आपल्या शहरातल्या कंपन्यांच्या दारी जातात, परदेशी इंटर्न घेतल्याने त्यांना काय मिळेल हे समजावतात, जागेचं पत्र घेऊन परततात. आणि काही ठिकाणी ज्याने अशी जागा आणली त्याला बाहेर जाताना प्राधान्य मिळतं. अनोळखी देशातल्या दोनशे पत्त्यांवर ईमेल पाठवण्यापेक्षा ओळखीच्या शहरातल्या दहा मालकांना समोरासमोर पटवणं जास्त धिटाईचं काम आहे. भाषा आपली, माणसं आपली, आणि नकार तोंडावर मिळतो. जागांची अदलाबदल जानेवारीत होत असल्यामुळे उन्हाळ्यात जायचं तर ही फेरी आदल्या शरद ऋतूतच मारावी लागते. त्या महिन्यांत विद्यापीठाचं प्लेसमेंट कार्यालय काय करत असतं, ते एकदा जाऊन विचारा. गेल्या वर्षी परदेशातून किती विद्यार्थी आपल्या शहरात कामाला आले, हेही त्याच खेपेत विचारून घ्या. बाहेर किती गेले याचा आकडा ते आपणहून सांगतील.